वर्ग भागिले १६२

बेगडेवाडी स्टेशनाजवळच्या एका बांधकामावर या आठवड्यात विटेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला हिशेब दिसला: १२ गुणिले १२ भागिले १६२. मंडळी, हे सळईचं वजन. व्यासाचे मिलिमीटर घ्यायचे, वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, की मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची अख्खी कांब पावणेअकरा किलोच्या जराशी आत. हा १६२ आभाळातून पडलेला नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता (घनमीटरला ७८५० किलो) यांचा तो गुणाकार उलटा करून मांडलेला. दहावीच्या महत्त्वमापनातली वृत्तचितीच ही, पण आपली पोरं ती आईस्क्रीमच्या डब्यात शोधतात. अशा कामाच्या गणिताच्या जवळचं, राज्य बोर्डाचं ‘सामान्य गणित’ २०१९ च्या दहावीपासून गेलं. ‘ढ’ मुलांचा विषय असा शिक्का त्यावर आपणच मारला होता, त्यामुळे रडायलाही कोणी आलं नाही. आताच्या पुस्तकात अर्थनियोजन आहे, त्यात जीएसटी आणि शेअर आहेत, ते चांगलंच. पण आयटीआयला गेलेला मुलगा ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’मध्ये एककं आणि टक्केवारी पुन्हा पहिल्यापासून गिरवतो. माझं म्हणणं सरळ आहे: कामाचं गणित सगळ्यांना सक्तीचं करा, डॉक्टर होणाऱ्यांनाही; घर त्यांनाही बांधायचंच असतं. तोवर आपल्या दहावीवाल्याला विचारून बघा, एक ब्रास वाळू म्हणजे किती घनफूट? उत्तर १०० आहे.