कंस राखणारी माणसं

कासू स्थानकावर गाडीची वाट पाहताना कुणी फोनवर परीक्षेचा निकाल उघडला, की अनेकदा मजकूर दिसण्याआधी ब्राउझर जावास्क्रिप्टच्या फायली उतरवून घेतो. रेंज एका काडीवर असली की त्या फायलींतलं प्रत्येक फालतू अक्षर माणसाला ताटकळत ठेवतं. म्हणून प्रोग्रामर आपला कोड सर्व्हरवर चढवण्याआधी मिनिफायरमधून काढतात. तो टिपणं आणि मोकळ्या जागा उडवतो, लांबलचक नावांचं एकेक अक्षर करतो, कधीच न चालणारा कोड छाटतो.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्यासाठी मिनिफायरला भाषेचं अख्खं व्याकरण कळावं लागतं, आणि 2015 पासून या व्याकरणाची नवी आवृत्ती दरवर्षी येते. 2020 मध्ये आलेली ?. ही खूण पाहा. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून उदाहरण आपलंच घेऊ. गाव?.तालुका.नाव असं लिहिलं आणि गावाची नोंदच नसली, तर रिकामं उत्तर मिळतं आणि पान पुढे चालू राहतं. (गाव?.तालुका).नाव असं लिहिलं, तर तिथेच त्रुटी येते. मिनिफायरनं दोन अक्षरं वाचवायला कंस काढला, तर प्रोग्रामचा अर्थच बदलेल. त्याच वर्षी आलेलं ?? हे चिन्ह || च्या शेजारी कंसाशिवाय आलं तर भाषा अख्खी फाइलच नाकारते. म्हणजे कोणता कंस फालतू आणि कोणता जीवनावश्यक, हे कुणीतरी दरवर्षी नव्यानं ठरवायचं, त्याच्या चाचण्या लिहायच्या, आणि जुनं काही मोडलं नाही ना ते तपासायचं.

कधी तर नियम पाळूनही गोत्यात यावं लागतं. सफारी 10 या ब्राउझरमध्ये लूपमधल्या चलांबाबत एक दोष होता. मिनिफायरनं दिलेली नावं नियमात बसत होती, तरी ब्राउझर अडून बसायचा. चूक ब्राउझरची होती, पण टर्सर या मिनिफायरला त्यासाठी वेगळा पर्याय बाळगावा लागला.

टर्सरचा जन्मही अशाच ओढाताणीतला. रोमानियाच्या मिहाई बाझोन यांनी 2010 मध्ये उग्लिफायजेएस मोफत आणि खुलं करून दिलं, आणि ते जगभर वापरलं गेलं. 2015 चं मोठं व्याकरण आलं तेव्हा ते त्याला झेपेना. त्यासाठी उग्लिफाय-ईएस ही वेगळी शाखा निघाली, पण 2018 पर्यंत तिची देखभाल थांबली. त्या वर्षी फाबियो सांतोस यांनी ती उचलून टर्सर सुरू केलं, आणि वेबपॅकसारख्या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या साधनानं वर्ष संपायच्या आत ते स्वीकारलं. आज टर्सर आठवड्याला कोट्यवधी वेळा उतरवलं जातं. इतक्यांचा भार पेलणारे हात मात्र मूठभर.

पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बाहेरकाठा बांधायचा आणि त्यावर वर्षानुवर्षं चिखल चढवत राहायचा. पूर्वी गावकरी एकत्र येऊन हे करत. ती सामुदायिक व्यवस्था मोडत गेली तसे काठे कमकुवत झाले. खांड पडली की मात्र सगळे धावतात.

सॉफ्टवेअरमधली अशी खांड 2024 मध्ये थोडक्यात टळली. एक्सझेड या छोट्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचा एकटा सांभाळकर्ता थकला होता. मदतीच्या नावानं एका अनोळखी व्यक्तीनं त्याचा विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. थकलेला सांभाळकर्ता हा सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, त्याचा खासगी प्रश्न नव्हे.

पैशाचं उत्तर काही प्रमाणात दिसू लागलंय. बेंगळुरूच्या झेरोधानं 2024 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हिंजवडी-खराडीच्या ज्या कंपन्या रोज ही साधनं फुकट वापरतात, त्यांनीही आपल्या खर्चाच्या तक्त्यात यासाठी एक ओळ ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

पण पैशाइतकीच गरज हातांची आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात आहेत. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ पेणहून दक्षिणेला आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे हजेरीचं किंवा ग्रंथालयाचं तेच ते ॲप, हे किती दिवस चालवायचं? चार विद्यार्थ्यांनी एका वर्षात एखाद्या मिनिफायरच्या नोंदवलेल्या त्रुटींतल्या दहा पुन्हा घडवून दाखवाव्यात, प्रत्येकीची चाचणी लिहावी, जमल्यास दुरुस्ती पाठवावी. ती स्वीकारली गेली तर पूर्ण गुण द्यावेत, नाकारली गेली तर नाकारण्याचं कारण अहवालात लिहून घ्यावं आणि त्यालाही गुण द्यावेत. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. एक लॅपटॉप आणि मार्गदर्शकाची परवानगी पुरते.