नव्या वेशीवरचे स्वागत

परगावाहून येणाऱ्याला सामोरे जाणे ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. विवाहात मंगलाष्टकांच्या आधी सीमांतपूजन होते. वधूपक्षाने गावाच्या शिवेपर्यंत जाऊन वराचा सत्कार करावा, हा त्यामागील मूळ भाव. दूरच्या प्रवासाहून परतलेल्या मुलावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याखेरीज आई त्याला उंबरठा ओलांडू देत नाही. येणाऱ्याने एकट्याने घर शोधत यावे आणि घरच्यांनी बसून राहावे, हे आपल्याला अनुचित वाटते. गावाची ती वेस आता विमानतळापर्यंत सरकली आहे. पण तेथे सामोरे जाणाऱ्याला मात्र स्थान उरलेले नाही.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील सुखवस्तू लोकांचा आहे, असे कोणी समजू नये. भंडाऱ्यासारख्या धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्यातूनही मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांचे आईवडील शिक्षक, कारकून, शेतकरी असतात आणि त्यांतील अनेकांनी स्वतः विमानात कधी पाऊल ठेवलेले नसते. नागपूरचा विमानतळ भंडाऱ्याहून सुमारे सत्तर किलोमीटरवर. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री याच सोनेगावात एकत्र येत आणि टपालाची व प्रवाशांची देवघेव करून आपापल्या वाटेने परतत. 2008 साली तेथे नवी इमारत झाली. शारजा व दोहा या शहरांशी थेट संबंधही जोडला गेला. तरीही परदेशाहून येणाऱ्या अनेकांचे विमान अखेर मुंबईलाच उतरते. मग वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर, दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई गाठायची, हा घरच्यांचा क्रम ठरलेला.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मुलाचे विमान 15 तारखेस 0 वाजून 40 मिनिटांनी येणार, असे त्यांना कळले होते. ते 14 तारखेच्या दुपारी वरठीहून निघाले. पंधराच्या सकाळी मुंबईत उतरून रात्री विमानतळावर जावे, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात मुलगा उतरला तेव्हा गुरुजी खानदेशात कोठेतरी गाडीत झोपलेले होते. मुलाचा परदेशी दूरध्वनी येथे चालेना आणि विमानतळाचे मोफत जाळे वापरावे, तर त्यासाठीचा सांकेतिक अंक येथल्याच क्रमांकावर यायचा. तो पोरगा सकाळपर्यंत सामानावर हात ठेवून बसून राहिला. गुरुजींना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांचे सारे आयुष्य पंचांगाच्या दिवसावर गेले, त्यांचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नव्हे. ‘14 व 15 यांच्यामधील रात्र’ एवढे शब्द तिकिटावर छापले असते, तर कोणाचे काय बिघडले असते?

वेळेवर पोहोचलेल्यांची अवस्था तरी काय असते? फलकावर विमान उतरल्याची नोंद दिसते आणि कठड्याबाहेरचे सारे लोक टाचा उंचावून उभे राहतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपासून दारापर्यंतचा मार्ग लांब असतो. आधी विमान जागेवर लागायचे, मग पारपत्राच्या तपासणीची रांग, मग फिरत्या पट्ट्यावर सामानाची प्रतीक्षा, शेवटी सीमाशुल्काचा लाल किंवा हिरवा मार्ग. एक तास सहज जातो; सामान हरवले, तर दोन. ही साधी गोष्ट बाहेरच्याला कोणी सांगत नाही. परिणामी म्हातारी माणसे तासभर ताटकळतात आणि मनात नको त्या शंकांचे काहूर माजते.

रेल्वेशी तुलना करून पाहावी. फलाटाचे तिकीट काढले की सामान्य माणूस डब्याच्या दारापर्यंत जातो. गाडी किती उशिरा येणार, हे त्याला मराठीतून ऐकू येते. बसायला बाक आणि प्यायला पाणी असते. विमानतळांवरही एके काळी प्रवेश-तिकीट काढून आत जाता येत असे. काही ठिकाणी ते आजही मिळते, पण प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सुरक्षेसाठी तेही बंद होते. डिसेंबर 1999 मधील काठमांडूच्या विमानाच्या अपहरणानंतर विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास आरंभ झाला आणि दारावरचा बंदोबस्त कडक झाला. तो असलाच पाहिजे. आमची मागणी आत सोडण्याची नाही, बाहेर माणसासारखे उभे राहू देण्याची आहे.

मुंबईच्या 2014 साली उघडलेल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये पाच हजारांहून अधिक कलावस्तू मांडल्या आहेत. देशाची संस्कृती परक्याला दिसावी, हा हेतू स्तुत्यच. पण अतिथीला सामोरे जाणे हाही त्याच संस्कृतीचा भाग आहे आणि तो भाग कठड्याबाहेर हातात पिशवी घेऊन उभा असतो. त्याच्यासाठी सावली, बाके, पाणी, स्वच्छतागृह, बाहेरून वाचता येईल असा मराठी फलक आणि प्रश्नाचे उत्तर देणारा एक माणूस, एवढे प्रत्येक विमानतळाने केलेच पाहिजे. खर्चाची सबब पटणारी नाही. प्रवाशाच्या तिकिटातूनच विमानतळाचे विकासशुल्क घेतले जाते आणि ते तिकीट पुष्कळदा बाहेर उभ्या असलेल्या बापाच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेले असते.

आपल्यालाही काही पथ्ये पाळावी लागतील. एका प्रवाशासाठी तीन गाड्या भरून माणसे न्यायची, दारातच हारतुरे आणि छायाचित्रांचा सोहळा मांडून मागच्याची वाट अडवायची, ही रीत सोडली पाहिजे. दोघांनी जावे, बाकीच्यांनी घरी वाट पाहावी. शाळामहाविद्यालयांनीही तिकीट वाचणे, चोवीस तासांचे घड्याळ समजणे हे मुलांना एखाद्या तासाला शिकवावे. ती मुले घरच्या वडीलधाऱ्यांना शिकवतील.

विमानतळाची थोरवी किती कोटी प्रवासी गेले-आले यावर मोजली जाते. रात्री दोन वाजता वरठीहून आलेल्या एखाद्या आईला तेथे बसायला जागा मिळाली काय, हेही त्या मोजणीत एकदा धरले जावे. तिच्या पदरात बांधलेला भाकरतुकडा अजून ओवाळायचा राहिला आहे.