लंडनला गेलात तर अमरावती पाहून या



शिष्यवृत्ती मिळवून आपल्या वस्त्यांतील मुले-मुली लंडनला शिकायला जाऊ लागली आहेत. त्यांच्या पाठोपाठ एखादे आईवडीलही पै-पै साठवून आठ दिवस जाऊन येतात. काय पाहिले विचारावे, तर टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा आणि मेणाचे पुतळे! पुतळ्यांच्या तिकिटातच खिसा रिकामा होतो. ब्रिटिश म्युझियमला मात्र तिकीट नाही, आणि आपले खरे धन तेथेच आहे.

गर्दी इजिप्तच्या ममींकडे धावते. तुम्ही ३३ नंबरचे दालन विचारा. त्याच्या टोकाला काचेआड अमरावतीच्या महास्तूपाच्या शिळा आहेत. ही अमरावती आपली वऱ्हाडातली नव्हे, आंध्रातील कृष्णाकाठची. एका शिळेची दोन्ही अंगे कोरलेली आहेत. जुन्या अंगावर बोधिवृक्ष, त्याखाली रिकामे आसन आणि हात जोडलेले उपासक. मुलांना विचारा, तथागत कुठे आहेत? त्या काळी त्यांची मूर्ती कोरत नसत. ते आसनच त्यांची खूण! काही शतकांनी तीच शिळा उलटी करून मागच्या अंगावर अख्खा स्तूप कोरला. तेथे अर्धा तास तरी थांबाच.

साहेबाने आमचे लुटले, असे म्हणणे सोपे आहे. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्याच जमीनदाराने बांधकामासाठी स्तूपाचे दगड काढून नेले. काही तर चुन्याच्या भट्टीत गेले. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने उत्खनन केले. दगड मद्रासला गेले, तेथे उघड्यावर पडले, १८५९ ला बोटीने लंडनला आणि १८८० ला या म्युझियममध्ये. हे सारे मुलांना सांगावे. शिळा परत मिळाव्यात ही मागणी त्यामुळे चुकीची ठरत नाही, असे माझे मत आहे.

याच इमारतीतील गोल वाचनालयात विद्यार्थीदशेत बाबासाहेब तासन्‌तास वाचत बसत. १९९७ मध्ये ते वाचनालय बंद झाले आणि पुस्तके सेंट पँक्रसच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. म्युझियमजवळच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरावे, पुढे चालत जाता येते. घर कधी उघडे असते ते आधी विचारून घ्यावे, आणि पोळी-भाजीचा डबा बरोबर न्यावा. तिकडे चहासुद्धा महाग!