कौंडिण्याचें ताक

पतंजलीच्या महाभाष्यांत जेवणाच्या पंक्तीचा एक दृष्टांत आहे. ब्राह्मणांस दहीं वाढावें आणि कौंडिण्यास ताक वाढावें, अशी यजमानाची आज्ञा. कौंडिण्यही ब्राह्मणच, तेव्हां पहिल्या आज्ञेनें त्यास दहीं मिळावयास हवें. परंतु कोणताही शहाणा वाढपी त्याच्या पानावर दहीं वाढीत नाहीं. विशेष आज्ञा सामान्य आज्ञेचा बाध करते, हें तो न सांगतां जाणतो. व्याकरणांत ह्यांस अपवाद आणि उत्सर्ग अशीं नांवें आहेत. ज्या घरांतील मुलें-सुना संगणकाच्या धंद्यांत आहेत (आणि आमच्या वाचकांत असें घर विरळाच नसेल), त्या घरीं हाच प्रकार ‘मेथड ओव्हररायडिंग’ ह्या नांवानें कानीं पडत असतो. हा बाध कधीं कधीं बिघडतो. तो कसा बिघडतो आणि जाणते लोक तो कसा दुरुस्त करतात, हें ह्या महिन्यांत सांगावयाचें आहे.

ह्या पद्धतीचा उगम नॉर्वे देशांतला. ओस्लो येथें ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड ह्या दोघांनीं ‘सिम्युला ६७’ नांवाची भाषा रचली. तींत ‘क्लास’ म्हणजे वर्ग, आणि एका वर्गापासून दुसरा वर्ग उत्पन्न करण्याची सोय होती. पूर्वज वर्गास ज्या क्रिया येतात त्या वंशजास आयत्या मिळतात. अशा प्रत्येक क्रियेस आज मेथड म्हणतात. वंशजास एखादी क्रिया निराळ्या रीतीनें करावयाची असली तर त्यानें त्याच नांवाची आपली मेथड लिहावी, म्हणजे त्याच्यापुरता पूर्वजाचा नियम बाधित होतो. पुढें सी-प्लस-प्लस, जावा, सी-शार्प, पायथन ह्या भाषांनीं हेंच तत्त्व उचललें. आतां अडचण अशी कीं, हा पूर्वज पुष्कळदां घरचा नसतो. तो लायब्ररींतला, म्हणजे कोणा परक्यानें लिहून ठेविलेल्या तयार वर्गांच्या संग्रहांतला असतो. त्या परक्यास आपले वंशज किती आणि कोठें नांदतात ह्याची वार्ताही नसते, आणि तो मधून मधून आपल्या संग्रहाची नवी आवृत्ति काढीत असतो.

आमच्या माहितींतील एका पतपेढींत ज्येष्ठ नागरिकांस ठेवीवर अर्धा टक्का व्याज अधिक मिळे. तेथील जावा भाषेंतल्या प्रोग्रामांत ‘ठेव’ हा सामान्य वर्ग बाहेरच्या लायब्ररींतला, आणि ‘ज्येष्ठ-ठेव’ हा पतपेढीच्या माणसानें लिहिलेला त्याचा वंशज. त्यानें व्याजाची मेथड आपली स्वतंत्र लिहिली होती. कांहीं वर्षें सारें सुरळीत चाललें. मग लायब्ररीची नवी आवृत्ति आली. तींत व्याजाच्या मेथडीस दिली जाणारी दिवसांची संख्या लहान पूर्णांकाच्या जातीची होती ती मोठ्या पूर्णांकाच्या जातीची झाली. मनुष्यास ह्यांत कांहीं भेद दिसावयाचा नाहीं; परंतु जावाच्या मतें नांव एक असलें तरी घ्यावयाच्या वस्तूची जाति निराळी म्हणजे मेथडच निराळी. वंशजाची मेथड जागच्या जागीं राहिली, पण तिला कोणी हांक मारीना. कौंडिण्याच्या पानावर मुकाट्यानें दहीं पडूं लागलें! प्रोग्राम बंद पडला नाहीं, यंत्रानें चकार शब्द काढला नाहीं, आणि बेरजाही बरोबर जुळत राहिल्या. पेन्शनींत निघालेल्या मंडळींस आठ महिने व्याज कमी मिळत गेलें. चार लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे दोन हजार रुपये. औषधांवर चाललेल्या घरांत ती रक्कम लहान नव्हे. घरीं वहींत आंकडे मांडणाऱ्या एका निवृत्त कारकुनानें तें उघडकीस आणलें, आणि पतपेढीनें फरक चुकता केला.

ह्यावरील औषध एका शब्दाचें आहे. जावामध्यें २००४ सालापासून वंशजाच्या मेथडीच्या माथ्यावर ‘ओव्हरराइड’ अशी खूण लिहितां येते. ती खूण हिशेब करीत नाहीं, वेग वाढवीत नाहीं. मी हें पूर्वजाच्या नियमाचा बाध करण्याच्या हेतूनें लिहीत आहें, एवढेंच ती सांगते. मग लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलर पूर्वजाकडे जाऊन पाहतो, आणि तेथें तशी मेथड नसेल तर काम तेथेंच थांबवितो. पूजेच्या आधीं संकल्प सोडतात त्यांतलाच हा प्रकार. सी-प्लस-प्लसनें २०११ सालीं ही सोय केली. पायथननें २०२३ मध्यें केली. मात्र तेथें ती तपासण्यास निराळा प्रोग्राम चालवावा लागतो. सी-शार्पमध्यें तर हा शब्द पहिल्यापासून सक्तीचा आहे: पूर्वजानें परवानगी लिहावी, वंशजानें हेतु लिहावा, तेव्हांच बाध होतो. आमच्या मतें हीच रीति सर्वांत शहाणपणाची. कारण उलट प्रकारही घडतो. वंशजाकडे आधींपासून एका नांवाची मेथड असते, आणि लायब्ररीच्या नव्या आवृत्तींत पूर्वजही योगायोगानें त्याच नांवाची मेथड काढतो. मग कोणाच्या ध्यानींमनीं नसतां बाध होऊन बसतो.

खरा नाजूक बिघाड मात्र निराळाच. जोशुआ ब्लॉक ह्यांनीं २००१ सालच्या आपल्या ‘इफेक्टिव्ह जावा’ ह्या ग्रंथांत त्याचें सुरेख उदाहरण दिलें आहे. वस्तूंचा संच ठेवणारा एक लायब्ररींतला वर्ग आहे. त्याच्या वंशजानें ठरविलें कीं, आजवर किती वस्तु आंत घातल्या तें मोजावें. म्हणून एक वस्तु घालण्याच्या मेथडींत त्यानें एक मिळविला, आणि अनेक वस्तु एकदम घालण्याच्या मेथडींत जितक्या वस्तु तितके मिळविले. तीन वस्तु एकदम घातल्या तर मोजणी सहा भरली! कारण पूर्वजाची ‘अनेक घाला’ ही मेथड आंतून ‘एक घाला’ हिलाच तीन वेळां हांक मारीत होती, आणि त्या हांकेस आतां वंशज ओ देत होता. दोघांचेंही लिखाण आपापल्या जागीं निर्दोष. दुसऱ्या मेथडींतील मिळवणी काढून टाकली म्हणजे आंकडा जुळतो खरा, पण ती दुरुस्ती पूर्वजाच्या घरांतल्या गुपितावर उभी राहते, आणि तें गुपित पुढच्या आवृत्तींत बदलण्यास पूर्वज मोकळा असतो. म्हणून ब्लॉक ह्यांचा सल्ला असा कीं, अशा ठिकाणीं वंशज होऊंच नये. तो संच आपल्या पोटांत ठेवून त्याच्याकडून काम करून घ्यावें. आणि लायब्ररी लिहिणारानें एकतर आपली कोणती मेथड आंतून कोणतीस बोलावते तें स्पष्ट लिहून ठेवावें, नाहीं तर ‘फायनल’ असें लिहून वंशवृद्धीस बंदी करावी.

हें पथ्य मोठ्या घरींही कठीण जातें. २०१४ सालीं जावाच्या आठव्या आवृत्तींत यादीस स्वतःची क्रम लावण्याची मेथड मिळाली, आणि त्या कामाची जी जुनी सामाईक मेथड होती ती त्याच वर्षीं हें काम यादीवर सोंपवूं लागली. ज्या कोणी आपल्या यादींत क्रमाच्या मेथडीचा बाध करून आंतून त्या जुन्या मेथडीस बोलाविलें होतें, त्यांच्या घरीं धाकटा थोरल्याकडे बोट दाखवी आणि थोरला धाकट्याकडे. अखेर यंत्राची स्मृति भरून प्रोग्राम कोसळे.

तरुण मंडळी अशा वेळीं सारा दोष लायब्ररीवर ढकलतात. आम्हांस तें निम्मेंच पटतें. पाणिनीनें जवळजवळ चार हजार सूत्रें रचलीं, त्यांत दोन नियमांचा झगडा लागल्यास कोणता बलवान हेंही सांगितलें. आणि काशींत राहिलेल्या आमच्या नागेशभट्ट काळ्यांपर्यंत टीकाकारांनीं त्याच एका प्रश्नावर ग्रंथ लिहिले. नियम करणारानें बाधाची व्यवस्था सांगणें हें त्याचें कर्तव्यच. पण अपवाद लिहिणारानें आपला हेतु नोंदविलाच नाहीं, तर त्या व्यवस्थेचा उपयोग कोणास?

पतपेढीच्या प्रोग्रामांत सर्व वंशजांवर ती खूण घालतांच कंपायलरनें आणखी दोन मेथडी तशाच अनाथ झालेल्या दाखविल्या. लायब्ररीवाल्यांनींही पुढच्या आवृत्तींत जुनी मेथड परत आणली, आणि ही लवकरच काढली जाईल अशी सूचना तिच्यावर लिहिली. नवी मेथड आंतून जुनीस बोलावते, त्यामुळें जुन्या वंशजांचे अपवाद अजून चालतात. जुनीनें मात्र नवीस हांक मारावयाची नाहीं, नाहीं तर पुन्हां थोरल्या-धाकट्याचा तोच खेळ सुरू होईल.