जाळ पाहायचा की ऊब घ्यायची?

दिवाळी अंकात ज्योतीवर लेख यावा यात नवल नाही. पण पणतीची गोष्ट सोपी असते. तिच्याकडून आपण उजेड मागतो, ऊब मागत नाही. एकाच ज्योतीकडून शोभाही हवी आणि ऊबही हवी, असे कुणी म्हटले की मग कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. यंदा तसा प्रसंग माझ्यावर आला. त्यातून जो हिशेब निघाला तो वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

माझा भाचा बारामतीला, इंदापूर रस्त्याच्या बाजूला, बंगला बांधतो आहे. दिवाणखान्याच्या एका भिंतीत त्याला फायरप्लेस हवी आहे. लाकडाची नव्हे, गॅसची. चिनी मातीचे खोटे ओंडके रचायचे, खालून गॅस सोडायचा आणि ओंडक्यांतून पिवळ्या ज्वाळा नाचत वर याव्यात, अशी ही विलायती तऱ्हा. तिकडे तिला ‘जिवंत ज्योत’ म्हणतात. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही जन्मभर बॉयलरपुढे उभे राहिलात. आराखडा तुम्हीच सांगा.”

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात माझी सारी नोकरी झाली, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बारामतीसारख्या गावी फायरप्लेस कशाला, असे आपण विचाराल. मीही विचारले. पण डिसेंबरात तिथे पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि त्या दिवाणखान्यात बसणार आहे माझी थोरली बहीण. आक्काने ऐंशी पार केली आहे. थंडी पडली की तिचे गुडघे धरतात. तेव्हा हा नुसता हौसेचा मामला राहिला नाही. ज्या खोलीत म्हातारे माणूस रात्र रात्र बसणार, त्या खोलीत कसली आग ठेवायची, असा तो प्रश्न झाला.

प्रथम ज्योतीचा रंग पाहू. 1860 सालच्या नाताळात मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. मेणबत्तीची ज्योत पिवळी का दिसते हे त्याने मुलांना दाखवून दिले. ज्योतीच्या पोटात कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तापून झळाळतात. तो पिवळा प्रकाश त्या कणांचा. ज्योतीच्या टोकाशी पोचेपर्यंत त्यांना पुरेशी हवा मिळाली तर ते जळून जातात. नाही मिळाली तर त्यांचीच काजळी होते. त्याआधी पाच वर्षे, 1855 मध्ये, जर्मनीत हायडेलबर्ग येथे बुन्सेनचा बर्नर तयार झाला होता. त्यात गॅस पेटण्यापूर्वीच हवा मिसळते. कण तयारच होत नाहीत आणि ज्योत निळी, आखूड, टणक होते. आपल्या ओट्यावरची गॅसची शेगडी ही याच बर्नरची नात.

म्हणजे पिवळी ज्योत हवी तर गॅसमध्ये आधी हवा कमी मिसळावी लागते. याचा अर्थ पिवळी ज्योत वाईट, असा मात्र नाही. ती पुरती जळली तर तेवढ्याच गॅसपासून निळ्या ज्योतीइतकीच उष्णता देते. फक्त तिला मोकळी जागा हवी असते आणि जळायला अवधी हवा असतो. तिच्या मध्ये थंड वस्तू आली की कण अर्धवट जळलेले राहतात. त्यातून काजळी होते आणि काजळीहून घातक असा कार्बन मोनॉक्साइड वायूही होतो. चिनी मातीचे ओंडके कसेही रचून चालत नाही ते याचसाठी. बनवणाऱ्याने प्रत्येक तुकड्याची जागा ठरवून दिलेली असते. मोलकरणीने राख झटकावी तसे ते झटकून पुन्हा मनाला येईल तसे मांडले, तर शोभा तीच राहील, पण हवा बिघडेल.

मग विलायती उघड्या फायरप्लेसची एवढी बदनामी का? दोष ज्योतीत नाही, धुराड्यात आहे. उघड्या आगीवरचे रुंद धुराडे ज्योतीची गरम हवा तर नेतेच, शिवाय खोलीतली ऊबदार हवाही ओढून घेते. तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. पाय भाजतात आणि पाठ गारठते ती यामुळे. काउंट रम्फर्डने 1796 मध्ये हाच दोष हेरून लंडनच्या फायरप्लेस सुधारल्या होत्या. त्याने आगीची पोकळी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा आवळला.

आता आकडे घेऊ. शोभेची उघडी गॅस-फायरप्लेस साधारण साडेसहा किलोवॉटची असते. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसवर ती चालवली तर तासाला सुमारे अर्धा किलो गॅस लागेल. 14.2 किलोंचा सिलिंडर अठ्ठावीस तासांत संपेल. संध्याकाळी तीन तास लावली तर नऊ दिवस. त्यातही अशा उघड्या आगीच्या उष्णतेपैकी खोलीत उरते ती वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे अकरा किलोंवर गॅस बारामतीचे आकाश तापवायला खर्ची पडेल. ओट्यावरच्या साध्या शेगडीची उष्णता निदान 68 टक्के भांड्यात उतरली पाहिजे असा आपल्याकडे मानकाचा दंडक आहे. त्याच्याशी ताडून पाहा. शिवाय स्वयंपाकासाठी घेतलेला सिलिंडर असा जाळायचा नसतो, ही वेगळीच बाब.

हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आक्का म्हणाली, “अरे, चुलीला वैल कशासाठी असतो ते सांग की त्याला.”

तिने नेमके बोट ठेवले. शहरातल्या तरुण वाचकांसाठी सांगतो. मातीच्या चुलीच्या शेजारी जोडून एक भोक असते, तो वैल. मुख्य भांड्याखालून निघालेला जाळ धुरावाटे जाण्याआधी वैलाखालून जातो. पुढे भाकरी होते आणि वैलावर आमटी शिजत राहते. गेलेल्या आगीकडून आणखी एक काम करून घ्यायचे, एवढेच त्यातले शास्त्र.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या भागात आले, ऊस वाढला आणि गुऱ्हाळे लागली. गुऱ्हाळाचे चुलवाण ज्याने पाहिले आहे त्याला ही विद्या नव्याने शिकवावी लागत नाही. उसाचीच वाळलेली चिपाडे तोंडातून टाकायची, जाळ मोठ्या काहिलीखालून पसरायचा आणि मागच्या धुराड्याने वाफ-धूर निघून जायचा. चिपाडे ओली असली की धूर होतो, एकदम कोंबली की हवा अडते आणि जाळ मंदावतो. सुधारलेल्या चुलवाणात खाली जाळी असते, म्हणजे हवा बुडातून येते, आणि धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील असते. निघून जाणारी उष्णता तिच्यातला रस आधीच तापवते. ही काहील म्हणजे चुलवाणाचा वैल. आमच्या कारखान्यातही बॉयलरमधून धुराड्याकडे निघालेल्या वायूंवर आत येणारी हवा तापवून घेत असू. तोही वैलच. याच तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे आणि बॉयलर तयार होतात, इतकेच नव्हे तर इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरींची पोलादी आवरणेही तिथे घडतात. आग पेटवणे सोपे आहे. तिला नीट घर बांधून देणे हे खरे काम.

तेव्हा भाच्याला मी तीनच प्रश्न लिहून दिले. हवा कुठून येते? ज्योत कशाला लागते? धूर कुठे जातो? या तिन्हींची उत्तरे नीट असली की फायरप्लेस चांगली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हवा खोलीतली नको, बाहेरची हवी. नळीत नळी घालावी. आतल्या नळीने जळलेले वायू बाहेर जातात आणि भोवतालच्या नळीने ताजी हवा आत येते. जाणारा येणाऱ्याला थोडी ऊब देऊन जातो. यासाठी फायरप्लेस बाहेरच्या भिंतीत असावी. पुढच्या बाजूला उष्णता सोसणारी काच पक्की बसवलेली असावी. मग खोलीतली हवा धुराड्यात जात नाही आणि जळलेले वायू खोलीत येत नाहीत. शोभा काचेतून दिसतेच.

दुसरे उत्तर ज्योतीचे. पुढे दिसण्यापुरती थोडी पिवळी ज्योत, तिच्यापुढे मोकळी जागा. मागे हवा मिसळलेली निळी ज्योत, जी चिनी मातीच्या ठोकळ्यांना लाल करते. लाल ठोकळ्यांची आच समोर बसलेल्याच्या अंगाला थेट लागते, हवा तापण्याची वाट पाहावी लागत नाही. गुडघ्यांना हीच आच हवी असते.

तिसरे उत्तर वैलाचे. जळलेले वायू एकदम बाहेर न सोडता मागच्या पोलादी पोकळीतून फिरवावेत. पोकळीच्या दुसऱ्या अंगाने खोलीची हवा खालून आत शिरते आणि तापून वरून बाहेर येते.

अशी बंद काचेची चांगली फायरप्लेस 70 टक्क्यांच्या पुढे जाते. मग तीन किलोवॉट पुरतात. खोलीत सव्वादोन किलोवॉट ऊब राहते. उघड्या साडेसहा किलोवॉटच्या आगीतून जेमतेम सव्वा किलोवॉट राहत होती. गॅस निम्म्याहून कमी आणि ऊब जास्त. एक सिलिंडर साठ तास चालेल.

आराखडा समजून घ्यावा, पण यंत्र घरी बनवू नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम 2009 पासून ‘गॅस सेफ’ या नोंदवहीत नाव असलेल्या कारागिरानेच करायचे असा कायदा आहे, आणि तो उगीच नाही. तिथल्या बहुतेक फायरप्लेस नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅससाठी असतात. तो मुख्यतः मिथेन. एका घनफूट मिथेनला जळायला सुमारे दहा घनफूट हवा लागते. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला पंचवीस ते तीस. तोटीचे भोक एका गॅसचे आणि गॅस दुसरा, असे झाले तर ज्योत भलतीच मोठी होते आणि हवा अपुरी पडते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून जमिनीत खोल उतरवलेली बैठक आणि तिथे गॅसची आग, ही जोडी नकोच.

आणि भाच्याला मी हेही सांगितले की नुसती ऊबच हवी असेल तर गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी विजेच्या एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता खोलीत आणतो. आक्काचे गुडघे शेकायला रबरी पिशवी पुरते. ज्योत हवी ती मनासाठी. मनाची गरज खोटी नसते, पण ती कशी आणि केवढ्यात भागते हे आधी ठाऊक असावे. त्याने विचार करून बंद काचेची, लहान, तयार आणि आपल्याच गॅससाठी बनवलेली घ्यायचे ठरवले. भिंत बदलावी लागली. गवंड्याने कुरकुर केली. आक्का म्हणाली, “जाळ डोळ्यांना दिसो न दिसो, डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणजे झालं. पन्नास वर्षं तो खाल्लाय मी.”

ज्यांच्या घरी फायरप्लेस नाही, आणि बहुतेकांकडे ती नसणारच, त्यांनाही हे तीन प्रश्न लागू आहेत. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. पण गॅस अपुऱ्या हवेत जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणसाला वाटते की थकवा आहे. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले तर आधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत न्यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आग बंद करावी आणि लगेच डॉक्टरांना गाठावे.

दिवाळीची पहाट थंडीची. अभ्यंगस्नानासाठी न्हाणीघरातला गॅसचा गीझर तासन्‌तास चालतो आणि वारा लागू नये म्हणून आपण झरोका बंद करतो. तसे करू नये. ज्याचा धूर नळीने थेट बाहेर जात नाही असा गीझर न्हाणीघरात नसावाच. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये, मग कोळसे कितीही लाल आणि बिनधुराचे दिसोत. ओट्यावरच्या शेगडीची ज्योत पिवळी पडू लागली आणि पातेल्याचे बूड काळे होऊ लागले, तर चकल्यांचा घाणा घालण्यापूर्वी बर्नर उतरवून त्याची भोके साफ करावीत. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये, कारण बाहेर गेलेला गॅस फक्त भांड्याचे कान तापवतो.

फराळाचे डबे भरण्याच्या गडबडीत एवढी दोन-तीन कामे आधी उरकून घ्या. पणत्या मात्र खुशाल हव्या तितक्या लावा. त्यांच्याकडून आपल्याला उजेडाखेरीज काही नको असते, आणि अंगणात हवेला तोटा नसतो.