थेट मिडवाइफ

आपल्याकडे प्रशिक्षित मिडवाइफ व्हायचे तर आधी नर्स व्हावे लागते. बी.एससी. नर्सिंगची चार वर्षे किंवा जीएनएम, त्यानंतर लेबर रूमचा अनुभव आणि मग 18 महिन्यांचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' अभ्यासक्रम. केंद्र सरकारने 2018 मध्ये ही वाट आखली तेव्हा या मासिकाच्या वाचकांनी तिचे स्वागतच केले होते, आणि ते योग्यच होते. पण ही एवढी एकच वाट पुरेशी नाही. बारावीनंतर थेट प्रवेश देणारी मिडवाइफरीची स्वतंत्र पदवी आता सुरू झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नर्सिंगमधून आलेल्या मिडवाइफ कमी पडतात, असे आम्हाला म्हणायचे नाही. अडचण वेगळी आहे. या अभ्यासक्रमाला जाणारी प्रत्येक सिस्टर कुठल्या तरी वॉर्डातून उचललेली असते, आणि नर्सची टंचाई असलेल्या रुग्णालयाला तिला सोडणे जड जाते. शिकून आल्यावर ती कागदोपत्री नर्सच राहते. ड्यूटी लावणाऱ्याला आयसीयूत माणूस कमी पडला की तिचेच नाव आठवते. दीड वर्ष खपून मिळवलेला हात मग सलाईन लावण्यात जातो. मिडवाइफ म्हणूनच शिकलेली, मिडवाइफ म्हणूनच नोंदलेली आणि त्याच पदावर नेमलेली मुलगी अशी हलवता येणार नाही.

दुसरे कारण शिक्षणाच्या गाभ्याशी जाते. नर्सिंगचे शिक्षण आजाराभोवती उभे आहे: रुग्ण, निदान, डॉक्टरांची ऑर्डर. बाळंतपणात बहुतेक वेळा आजार नसतोच. रात्री दोन वाजता पहिलटकरीण पाच सेंटिमीटरवर आहे, कळा नियमित आहेत, बाळाचे ठोके चांगले आहेत. अशा वेळी मिडवाइफने करायचे ते बाहेरून फार थोडे दिसते. तिला टेबलावर आडवी न पाडता चालू-फिरू द्यायचे, पाणी पाजायचे, कंबर चोळून द्यायची, सोबतच्या बाईला बाहेर घालवायचे नाही. ठोके पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे, कळा देण्याची वेळ आली की दर पाच मिनिटांनी, आणि प्रत्येक नोंद त्याच वेळी कागदावर उतरवायची. बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत भरलेला पार्टोग्राफ कुणाच्याच कामाचा नसतो, हे आपण सगळ्या जाणतो. यात सगळ्यात अवघड असते थांबणे, आणि आता थांबून चालणार नाही हे वेळेत ओळखणे. ऑक्सिटोसिनचे ड्रिप लावण्याची घाई न करण्याचे धैर्य पहिल्या वर्षापासूनच अंगी बाणवावे लागते.

ब्रिटनमध्ये थेट प्रवेशाची तीन वर्षांची पदवी हीच आज मुख्य वाट आहे. युरोपीय संघाच्या निकषांत विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने किमान 40 बाळंतपणे करावीत, गरोदर स्त्रियांच्या किमान 100 तपासण्या कराव्यात, जोखमीच्या 40 जणींची देखभाल करावी, असे आकडे ठरलेले आहेत. न्यूझीलंडची गोष्ट आपल्याला अधिक शिकवणारी आहे. तिथे 1971 च्या कायद्याने मिडवाइफचे स्वातंत्र्य काढून घेतले होते. बायकांनी आणि मिडवाइफनी मिळून लढा दिला, 1990 मध्ये कायदा बदलला आणि पाठोपाठ थेट प्रवेशाचे शिक्षण सुरू झाले. आज तिथल्या बहुतेक गर्भवती स्त्रिया आपली मुख्य काळजीवाहक म्हणून मिडवाइफच निवडतात. शेजारच्या बांगलादेशानेही तीन वर्षांचा थेट डिप्लोमा चालवून दाखवला आहे, म्हणजे हे श्रीमंत देशांनाच परवडते असेही नाही.

आक्षेप ठाऊक आहे. आपल्या बायकांत रक्तक्षय आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे. आडगावच्या आरोग्य केंद्रात एकटी असलेली मिडवाइफ नर्सिंग न शिकता काय करणार? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आपल्याकडची पदवी चार वर्षांची असावी. रक्तस्राव, झटके, नवजात बाळाला श्वास देणे हे त्यात आलेच पाहिजे, आणि रक्तक्षय तर पहिल्या सत्रापासून.

आम्हाला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुलींना बाळंतपणे मिळणार कुठे? मोठ्या शिक्षण रुग्णालयात एका बाईच्या टेबलाभोवती इंटर्न, निवासी डॉक्टर, नर्सिंगच्या मुली असे सगळेच केसची वाट पाहत उभे असतात. त्या गर्दीत मिडवाइफरीची मुलगी मागच्या रांगेत राहील आणि लॉगबुकात पाहिलेली बाळंतपणे केलेली म्हणून चढतील. अशी पदवी नसलेली बरी. तेव्हा महाविद्यालयांना मान्यता देताना इमारत नंतर मोजा, आधी लेबर रूम मोजा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत मिडवाइफच्या देखरेखीखालचे वेगळे कक्ष उभे राहावेत, तिथली बाळंतपणे या मुलींसाठी राखीव असावीत, आणि लॉगबुकावर सही हजर असलेल्या मिडवाइफचीच असावी. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने 2011 पासून मिडवाइफ घडवल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातले सिझेरियनचे प्रमाण 21.5 टक्के होते आणि तेलंगणात 60.7 टक्के. त्याच तेलंगणाच्या सरकारने 2017 मध्ये फर्नांडिसच्या या अनुभवाचा हात धरला. महाराष्ट्राला असा आधार शोधायला लांब जावे लागणार नाही.

1947 च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी 2023 चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा आला आहे. अभ्यासक्रम नव्याने मांडण्याची संधी आजवर इतकी जवळ आली नव्हती. आयोगाकडे या मासिकातर्फे निवेदन पाठवायचे आहे. त्यासाठी लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरांनी आम्हाला लिहावे: तुमच्याकडे महिन्याला किती नॉर्मल बाळंतपणे होतात, त्यातली किती विद्यार्थिनींच्या हाताने होतात, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी कोण उभे असते.