वाफेचा हिशेब कोणाच्या हाती?

भंडाऱ्याजवळ शहापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. याच जिल्ह्यात देव्हाडा येथे एलोरा पेपर मिल उभी राहिली. एकीकडे यंत्रांची गणिते शिकविली जातात, दुसरीकडे बॉयलरच्या धगीपुढे माणसे पाळ्या करतात. संगणकामुळे ही दोन जगे एकत्र येऊ पाहत आहेत. ती कोणाच्या अटींवर एकत्र यावीत, हा कागद उद्योगापुढील खरा प्रश्न आहे.

कागद करणे म्हणजे मुख्यतः लगद्यातील पाणी काढणे. दाबयंत्रातून निघालेल्या ओल्या कागदात 40 टक्के तंतू आणि 60 टक्के पाणी असेल, तर एक किलो तंतूमागे दीड किलो पाणी वाफेने तापविलेल्या रुळांवर सुकवावे लागते. तोच कागद 45 टक्के कोरडा होऊन आला, तर हे पाणी सव्वा किलोहूनही कमी भरते. म्हणजे सुकविण्याची जवळजवळ पाचव्या हिश्श्याची वाफ वाचते आणि तेवढा कोळसाही. लाकडाचा लगदा करणारे कारखाने त्यातून निघणारा काळा द्राव जाळून बरीचशी ऊर्जा मिळवितात. रद्दीवर चालणाऱ्या कारखान्यांना हा आधार नसतो.

येथे संगणकीय प्रतिरूपाचा उपयोग आहे. वाफ, वीज, ओलावा आणि यंत्राचा वेग यांच्या नोंदींवरून कारखान्याची प्रतिमा संगणकावर उभी करता येते. दाब वाढविला, बाहेर जाणारी गरम हवा पुन्हा वापरली, कोळशाऐवजी धानाचा कोंडा जाळला, तर किती फरक पडेल, हे चालू यंत्राला हात न लावता आधी पडताळता येते. या साधनाला विरोध करणे हे शहाणपण नव्हे.

तथापि साधन कोणाचे, हे विसरूनही चालणार नाही. 2012 मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेत वर्षाला 30,000 टन खनिज तेलाइतकी किंवा त्याहून अधिक ऊर्जा वापरणारे कागद कारखाने धरले गेले. लहान कारखाने बाहेर राहिले. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने उत्सर्जन तीव्रतेची बंधनकारक लक्ष्ये अधिसूचित केली, त्यांत कागद व लगदा उद्योग आहे. लक्ष्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास विकता येण्याजोगी प्रमाणपत्रे मिळतात. वाचविलेला कार्बन हा आता बाजारातला माल झाला आहे.

हा माल निर्माण कोण करतो? प्रतिरूपाला लागणारे आकडे मीटर देतो. पण कोणत्या रुळात पाणी साचते, कोणता झडप-सांधा गळतो, कोंडा ओला असला की ज्योत कशी मंदावते, हे ज्ञान वर्षानुवर्षे पाळी करणाऱ्या कामगाराचे असते. ते त्याच्याकडून काढून घ्यायचे, संगणकात बंद करायचे आणि मग त्यालाच अतिरिक्त ठरवायचे, हा व्यवहार शोषणाचाच नवा प्रकार होय. त्याच नोंदींतून कामगाराच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवणेही अवघड नाही.

केवळ कार्यक्षमतेने रोजगार टिकतो, या भ्रमातही कोणी राहू नये. 1945 साली स्थापन झालेली विदर्भातील बल्लारपूर इंडस्ट्रीज 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ती कर्जापायी. वाफेचा हिशेब चोख असला, तरी पैशाचा हिशेब कामगारांपासून दूर राहिला की संकट त्यांच्याच दारी येते.

म्हणून संघटनांच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक कारखान्याचा वाफ, कोळसा आणि विजेचा हिशेब कामगारांपुढे मांडला जावा. बचतीतील आणि प्रमाणपत्रांच्या विक्रीतील ठरावीक हिस्सा त्यांना मिळावा. प्रतिरूपाच्या नावाखाली कपात होऊ नये आणि त्यातील नोंदी पाळतीसाठी वापरू नयेत. लहान कारखान्यांसाठी सरकारने सार्वजनिक खर्चाने प्रतिरूपे तयार करवून घ्यावीत. शहापूरसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना हे काम द्यावे आणि त्यांना बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाकडून शिकू द्यावे.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व 1976 साली घटनेच्या अनुच्छेद 43-अ मध्ये समाविष्ट झाले. त्याला अर्थ यायचा असेल, तर कामगाराने फक्त वेतनाच्या चिठ्ठीवर सही करून भागणार नाही. वाफेच्या हिशेबावरही त्याची नजर असली पाहिजे.